खालच्या कवळीची डावी कड

माणसाशी बोलताना ती डोळ्यांकडे बघायचीच नाही, तोंडाकडे बघायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या ओठाला काही चिकटलंय की काय, आणि तो बिचारा घाईघाईने रुमाल काढायचा. ती मात्र बघत असायची की याचा वरचा दात कुठे झिजलाय, हा कुठल्या बाजूने चावतो आणि याला आपल्याकडे यायला अजून किती वर्षं आहेत. कवळ्या करणं हा तिचा धंदा. गल्लीत सगळे तिला कवळीवाली म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीने, आणि सत्तावीस वर्षांनंतर जरा मानाने. लोकांचं असंच असतं. तुम्ही बुडत असता तेव्हा काठावर उभे राहून गंमत बघतात, आणि तुम्ही हातपाय मारत पलीकडे पोचलात की 'आम्ही म्हणतच होतो' म्हणून मोकळे.

पण गल्लीच्या मानाचं तिला काही पडलेलं नव्हतं. तिला एका माणसाच्या तोंडून एक शब्द हवा होता, आणि तो माणूस म्हणजे तिचे वडील. 'बरं जमलं' एवढंही चाललं असतं. त्या दोन शब्दांसाठी बाई सत्तावीस वर्षं खपली, असं कोणी म्हटलं असतं तर ती अंगावर धावून आली असती. पण खरं तेच आहे.

वडीलही कवळ्याच करायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची दोन खिडक्यांची खोली होती, लांब टेबल, जमिनीवर प्लास्टरची पांढरी धूळ, हवेत वितळलेल्या मेणाचा वास आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी दारातूनच परत जायच्या. तिला मात्र तिथेच करमायचं.

मास्तरांच्या शेजारच्या स्टुलावर दादा बसायचा. पुढे धंदा त्याने सांभाळायचा, हे त्याला दात यायच्या आधीच ठरलेलं होतं. तिची जागा टेबलाच्या पलीकडे, समोर. काम काय, तर मेण गरम ठेवायचं, भांड्यातलं पाणी बदलायचं, फडकी धुवायची. दादा वडिलांना खेटून बसायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. ती समोर बसायची आणि वडिलांच्या हातांकडे बघायची. तिला कोणी शिकवलं नाही, आणि बघू नकोस असंही कोणी म्हटलं नाही. समोरून बघून शिकल्यामुळे एक गंमत मात्र झाली. मास्तर कानस उजव्या हातात धरायचे, तिला ती समोरून दिसायची, म्हणून तिने डाव्या हातात धरली. बाई उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने सही करते, पण कानस आली की डावखुरी. दादा हसायचा. मास्तर हसायचे नाहीत, कारण त्यांचं तिच्याकडे लक्षच नसायचं.

कवळी पूर्ण झाली की मास्तरांचा एक शेवटचा हात असायचा. खालची कवळी अंगठा आणि बोटांमध्ये धरायची, लहानशी अर्धगोल कानस घ्यायची आणि अगदी मागच्या टोकाला, जिभेच्या बाजूची कड किंचित उतरवायची. कर्र, कर्र. दोन ओढी, मग फुंकर. तो आवाज आला की समजायचं, काम झालं. तिने त्या दोन ओढी कवितेसारख्या पाठ करून ठेवल्या होत्या.

वडिलांकडून तिला आणखी एक गोष्ट मिळाली होती, ती मात्र फुकट. दोघांच्याही टाळूवर मधोमध हाडाचा एक उंचवटा होता, अर्ध्या बदामाएवढा. काही घराण्यांत असतो. दादाला नव्हता. विचार करताना ती जीभ टाळूला लावून तो उंचवटा चाचपायची. तेवढं करायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली आणि खोली, टेबल, डॉक्टरांची ओळख, सगळं दादाच्या हवाली झालं. दादाने दोन वर्षांत धंदा असा काही चालवला की तिसऱ्या वर्षी त्या खोलीत व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळायला लागल्या. मास्तरांनी मुलाला एका शब्दाने विचारलं नाही. ती तेव्हा तिशीची, संसारात पडलेली. तरातरा माहेरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी चालवते."

"तू?" मास्तरांनी चष्मा वर केला. "बाईच्या हातचे दात कोण घालणार तोंडात?"

"बाईच्या हातचं जेवण चालतं की. तेही तोंडातच जातं."

"तोंड बघा कसं चालतंय! सहा महिन्यांत गाशा गुंडाळशील. आणि मग माझं नाव खराब झालेलं असेल, तुझं नाही."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सगळी हत्यारं भंगारात घातली. तिला कळलं तशी ती धावत भंगारवाल्याकडे गेली. कवळी दाबायचा प्रेस मिळाला, साच्याच्या लोखंडी डब्या मिळाल्या, सुऱ्या मिळाल्या. ती अर्धगोल कानस मिळाली नाही. भंगारवाल्याने तिच्यासमोर गोणी उलटी करून दाखवली. नव्हती, तर कुठून काढणार तो तरी?

मग घरच्या स्वयंपाकघरातच लॅब सुरू झाली. तिचा नवरा नोंदणी कार्यालयात कारकून. बायकोच्या धंद्याबाबत त्याचं धोरण कार्यालयासारखंच होतं: विरोध नाही, मदत नाही, फाइल पडून राहू द्यावी. शेगडी एकच, त्यामुळे एका बाजूला चहा आणि दुसऱ्या बाजूला पातेल्यात उकळणाऱ्या लोखंडी डब्या. नवरा संध्याकाळी घरात शिरतानाच विचारायचा, "आज जेवायला काय आहे, वरचे दात की खालचे?" हा विनोद त्याने वर्षभर केला. ती वर्षभर हसली नाही.

शेजारणी नाक मुरडायच्या. नणंद म्हणायची, "दुसऱ्यांच्या तोंडातलं घरात आणतेस, मला तर बाई घास उतरत नाही," आणि मग दोन वेळा जेवून जायची. या सगळ्यांचं तिला काही वाटायचं नाही. माहेरी गेल्यावर मास्तर दारातच विचारायचे, "अजून चालू आहे?" ते मात्र तिला लागायचं. सहा महिने उलटले की ते मुदत वाढवून द्यायचे. "अजून सहा महिने बघ."

तिला पहिलं काम दिलं ते एका म्हाताऱ्या डॉक्टरने, तेही दुसरं कोणी जवळपास नव्हतं म्हणून. अट अशी की कवळी बाई करते हे पेशंटला कळता कामा नये. तिने मान्य केलं. एका गुरुवारी डॉक्टरने आठ कवळ्यांसाठी सकाळपासून तीनदा फोन केला. कवळीचा गुलाबी मसाला मंद आचेवरच शिजवायचा असतो. सावकाश तापू द्यायचा, सावकाश निवू द्यायचा. हे तिला झोपेतही माहीत होतं. तरी तिसऱ्या फोननंतर तिने गॅस मोठा केला. डब्या उघडल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आठही कवळ्यांच्या हिरड्यांत बुडबुडेच बुडबुडे, वाळवी लागल्यासारखे.

डॉक्टरने त्या आठ कवळ्या बाहेर बसलेल्या पेशंटसमोर बाकावर मांडल्या आणि म्हणाला, "बघा. आणि म्हणे सगळ्या कामांत बरोबरी!" तिने कवळ्या पिशवीत भरल्या आणि घरी आली. मास्तरांना ही बातमी त्याच दिवशी पोचली. असल्या बातम्यांना पाय लागतातच. ते एवढंच म्हणाले, "सांगितलं होतं."

तिने आठही कवळ्या पहिल्यापासून केल्या. डॉक्टरने दारातूनच परत पाठवलं. मग ही बाई तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसली, मांडीवर पिशवी घेऊन, आणि येणाऱ्या पेशंटला नाव विचारून त्याची कवळी त्याच्या हातात ठेवायला लागली. सात जणांनी घेतली. आठवा दुसरीकडे गेला होता. महिन्याभराने डॉक्टरचा माणूस कपाळाला आठ्या घालून नवीन मापं घेऊन आला, कारण ते सातही जण खात होते, पीत होते आणि दवाखान्यात येऊन दात विचकून दाखवत होते.

असं म्हणू नका की मग सगळं सुरळीत झालं. एक तक्रार कायमची राहिली. पाचांतला एक पेशंट परत यायचाच: "खाली, डावीकडे, मागे घासतंय." डॉक्टर कटकट करत ती कड घासून द्यायचे आणि फोनवर तिला चार शब्द सुनवायचे. तिने प्लास्टर बदललं, मेण बदललं, मसाला बदलला, भिंग आणलं. तिच्या मते दोष डॉक्टरांचा होता, माप घेताना रुग्णाची जीभ नीट उचलायला सांगत नाहीत. असं ती सांगायची, पण मनातून तिला ते पटत नव्हतं. सगळेच डॉक्टर डावीकडेच कसे चुकतील?

एकदा न राहवून ती परत आलेली एक कवळी घेऊन माहेरी गेली. मास्तर आरामखुर्चीत बसले होते. तिने मान खाली घालून, अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "बाबा, माझी खालची डावीकडेच का घासते हो?"

मास्तरांनी कवळी हातात घेतली. उलटी केली. डोळे मिटले आणि अंगठा आतल्या कडेवरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला. तिला वाटलं, आता बोलतील. त्यांनी कवळी तिच्या हातात परत दिली.

"सोडून दे हा धंदा," ते म्हणाले. "तुझं काम नाही ते."

त्या दिवशी ती घरी आली आणि रडली. मग तोंड धुतलं आणि दोन साचे ओतले. रडून झाल्यावर माणसाने काय करायचं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून जे येत होतं ते केलं.

वर्षं गेली. स्वयंपाकघरातून लॅब टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर गेली. दिवसभर खालून रबराचा वास आणि हवा भरायच्या मशीनची फुसफुस. दोन बायका कामाला आल्या. त्यांतली एक पॉलिशवाली, तिच्याच वयाची, नवरा गेलेली, हाताला फार चांगली. ती टेबलाच्या पलीकडे, समोर बसायची. काही विचारलं की कवळीवाली म्हणायची, "बघून शीक. मला कोणी सांगितलं होतं?" हे सांगताना तिच्या आवाजात जरा ताठाच असायचा. माणूस ज्याने पोळतो, त्याचाच त्याला कधी कधी अभिमान वाटायला लागतो.

मग कॉम्प्युटरवर दात कापणाऱ्या लॅब आल्या. तिचे दोन डॉक्टर तिकडे गेले, एकाने जाताना सल्लाही दिला, "ताई, आता थांबा. हे हाताचं काम संपलं." ती थांबली नाही. शेवटी काचेच्या दाराच्या एका मोठ्या दवाखान्यानेच तिला गाठलं, कारण म्हाताऱ्यांच्या पूर्ण कवळ्या त्यांच्या मशीनला नीट जमत नव्हत्या. त्यांचा माणूस दर सोमवारी डबे आणायचा. डब्यावर नाव नाही, फक्त नंबर. दवाखान्यात पेशंटला सांगत की काम बाहेरच्या मोठ्या लॅबमधून येतं. ते खोटं नव्हतं. लॅब टायरच्या दुकानावर होती, म्हणजे बाहेर होतीच.

इकडे मास्तरांचे स्वतःचे दात एकेक करून गेले. आयुष्यभर गावाचे दात केले आणि आता स्वतः बोळके. दादाच्या घरी दुधात पाव भिजवून खायचे, नाही तर उकडलेला बटाटा कुस्करून. तिने दहादा म्हटलं, "बाबा, मी माप घेते. चार दिवसांत देते."

"माझ्या तोंडात प्रयोग नकोत," मास्तर म्हणाले. आणि दादाबरोबर कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. कुठल्या, ते तिला सांगितलं नाही, तिनेही रागाने विचारलं नाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी डब्यांतून एक माप निघालं. तिने प्लास्टर ओतलं, सुकल्यावर जबडा हातात घेतला, सवयीने टाळूवरून बोट फिरवलं आणि थांबली. मधोमध उंचवटा, अर्ध्या बदामाएवढा. तिची जीभ आपोआप स्वतःच्या टाळूला लागली. तेवढाच. तसाच, जरा डावीकडे कललेला.

पॉलिशवालीने विचारलं, "काय झालं हो ताई?"

"काही नाही. म्हाताऱ्याचा जबडा आहे, हिरड्या फार झिजल्यात," ती म्हणाली.

त्या कवळीला तिने तीन दिवस दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. उंचवट्यावर पातळ पत्रा लावून जागा सोडली, म्हणजे टाळू दुखणार नाही. आच इतकी मंद ठेवली की पातेल्यासमोर स्टूल टाकून बसून राहिली. शेवटी खालच्या कवळीला आतून दोन ओढी दिल्या, कर्र, कर्र, आणि फुंकर मारली. इतकं चांगलं काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. हे तिचंच म्हणणं आहे आणि ती स्वतःच्या कामाबद्दल खोटं बोलत नाही.

पुढच्या महिन्यात दादाकडे सगळे जेवायला जमले. मास्तर टेबलाच्या टोकाला ताठ बसले होते. गाल भरलेले, चेहरा दहा वर्षांनी तरुण झालेला. त्यांनी सगळ्यांच्या देखत एक अख्खं सफरचंद उचललं आणि कचकन चावलं. वहिनीने टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी चावून गिळलं, सावकाश, आणि तिच्याकडे बघितलं.

"याला म्हणतात काम," ते म्हणाले. "बघ जरा. शीक काहीतरी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच वेळी पोटात कुठेतरी गोडही वाटलं, आणि त्या गोड वाटण्याचा तिला जास्त राग आला. बोलली असती तर तिथेच निकाल लागला असता. पण त्यांना चावताना बघायचं सुख तिला सोडवेना. वर्षभर ती दर रविवारी जायची, ते सफरचंद खायचे, शेंगदाणे खायचे, आणि तिनेच बसवलेल्या दातांनी तिचीच टिंगल करायचे. "अजून चालू आहे?"

एका रविवारी त्यांनी जरा जास्तच केलं. दादाच्या व्याह्यांसमोर म्हणाले, "हिचं म्हणजे काय, कोणी करू नको म्हटलं की करायचंच. हट्टावर धंदा चालत नसतो. हात चांगला लागतो, आणि तो उपजत असावा लागतो."

ती उभी राहिली. "तुमच्या तोंडात आत्ता जे आहे ना बाबा, ते माझं आहे. टायरच्या दुकानावर केलेलं. या हाताने." आणि डावा हात वर केला.

व्याही सफरचंदाच्या फोडींकडे बघत बसले. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, तोंडासमोर धरला, वरची काढली, खालची काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. गाल आत गेले. मग ते उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तीन वर्षं तिने वडिलांच्या तोंडात दात पाहिले नाहीत. ती भेटायला गेली की बोळकं, दुधात भिजवलेला पाव, आणि अर्धवट कळणारे शब्द. वहिनी तर सरळ म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातला घास काढलात तुम्ही. काय मिळालं?" खरं बोलण्याची एवढी किंमत असते हे माहीत असतं, तर ती गप्प बसली असती. निदान तो खात तरी राहिला असता, असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि बापाला एकेरीत तो म्हणायची, कारण तिला फार दुखायचं. नवरा म्हणायचा, "जाऊ दे." या एका बाबतीत त्याची फाइल कधी पुढे सरकली नाही.

मास्तर गेले ते दुपारी, आरामखुर्चीत, कोणाला त्रास न देता. सगळं आटोपल्यावर चार दिवसांनी दादा तिला म्हणाला, "त्यांच्या खोलीतलं तू बघ. मला जमत नाही."

कपाटाच्या खणात, कपड्यांच्या मागे, झाकणाचा एक काचेचा पेला होता. पेल्यात पाणी, पाण्यात कवळी, वरची आणि खालची. आणि पेल्याशेजारी, फडक्यात गुंडाळलेली, तिने सत्तावीस वर्षांपूर्वी भंगाराच्या गोणीत शोधलेली ती अर्धगोल कानस.

ती पलंगावर बसली. पाणी स्वच्छ होतं, पेल्याला आतून पांढरी रेघ पडलेली नव्हती, म्हणजे ते रोज बदलत असणार. तिने कवळी बाहेर काढून पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. दाढा झिजलेल्या होत्या. चांगल्या झिजलेल्या. वर्षभर खाऊन इतक्या झिजत नाहीत. चार वर्षं रोज खाल्लं की झिजतात. म्हणजे ती आली की काढायची, ती गेली की घालायची. तीन वर्षं दार लावून हा माणूस तिच्या हातचे दात घालून जेवला, आणि तिच्यासमोर पाव भिजवत बसला.

मग तिने खालची कवळी उलटी केली आणि अंगठा आतल्या कडेवरून फिरवला. उजवीकडे तिच्या दोन ओढी होत्या. डावीकडेही कड उतरवलेली होती. तिने नव्हती उतरवली. एकच ओढ, बेताची, फडक्याने घासून गुळगुळीत केलेली.

तिने डोळे मिटले आणि तिला ते लांब टेबल दिसलं. मास्तरांच्या हातात खालची कवळी, उजवी बाजू तिच्याकडे, डावी त्यांच्या अंगठ्याआड. कर्र, कर्र. पहिली ओढ इकडे, दुसरी तिकडे. तिला दिसायची एकच बाजू आणि ऐकू यायच्या दोन ओढी. म्हणून तिने सत्तावीस वर्षं दोन्ही ओढी एकाच बाजूला दिल्या. शेजारी बसली असती तर पहिल्या दिवशी कळलं असतं. शेजारी दादा बसला होता.

त्या डाव्या ओढीच्या कडाही जुन्या होत्या, जिभेने झिजून गोल झालेल्या. पहिल्याच आठवड्यात दिलेली असणार. म्हणजे कवळी तोंडात गेली आणि जीभ लागली तेव्हाच त्यांना कळलं होतं की ही कोणी केली. जगात ही चूक करणारी एकच बाई होती. सफरचंद चावून 'शीक काहीतरी' म्हणाले, तेव्हाही त्यांना माहीत होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, ती परत आलेली कवळी घेऊन मान खाली घालून समोर उभी होती, त्यांनी डोळे मिटून अंगठा इकडे-तिकडे फिरवला होता, तेव्हाही माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. बाई आहेस, हट्टी आहेस, तोंडाळ आहेस, सगळं सांगितलं. ते एक वाक्य तेवढं सांगितलं नाही.

पाचांतला एक, या हिशेबाने किती तोंडं सोलवटली असतील, याचा तिने विचार केला आणि मग केला नाही. तिला वाटलं होतं की काही सापडलंच तर आपण रडू. रडू आलं नाही. शिवी आली. ती तिने त्या रिकाम्या खोलीत, आरामखुर्चीकडे बघून, मोठ्याने दिली. बाहेरून वहिनीने विचारलं, "काही म्हणालात?" ती म्हणाली, "नाही."

कवळी आणि कानस तिने पर्समध्ये टाकली आणि सरळ लॅबमध्ये आली. खाली टायरवाल्याचं मशीन चालू होतं. फळीवर सहा खालच्या कवळ्या तयार होत्या, उद्या सोमवारी जायच्या. तिने एकेक उचलून अंगठा फिरवला. उजवी उतरलेली, डावी तशीच. सहाही. तिने अर्धगोल कानस घेतली आणि पहिलीला डावीकडे एक ओढ दिली, मग दुसरीला. तिसरी हातात घेताना तिचं लक्ष समोर गेलं. पॉलिशवाली हातातलं काम थांबवून टेबलाच्या पलीकडून बघत होती.

"इकडे ये," कवळीवाली म्हणाली. "समोर नको. इथे, माझ्या बाजूला बस."

पॉलिशवाली स्टूल ओढून शेजारी येऊन बसली.

"खालच्या कवळीला शेवटी दोन ओढी द्यायच्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. नाही तर डावीकडे घासतं."

पॉलिशवालीने चौथी कवळी उचलली, अंगठ्याने दोन्ही कडा पाहिल्या आणि मान हलवली.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली. "मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत, ताई?"

कवळीवालीने कानस तिच्या हातात दिली आणि साच्यांचं पातेलं शेगडीवर ठेवायला उठली.